पाटी पाहून आलेली गिऱ्हाइकं

रायर केळ्यावरसुद्धा शिक्का मारायचे.

खोटं सांगत नाही. दुपारी डबा उघडला की केळं बाहेर काढायचं, उताणं निजवायचं, शिक्का शाईच्या गादीवर आपटायचा आणि सालीवर अलगद टेकवायचा. जांभळी अक्षरं उमटायची, 'तपासलें'. मग साल काढून केळं खायचं. मी एकदा विचारलं, "रायर, तपासणार तुम्ही, खाणार तुम्ही, मग हा शिक्का दाखवायचा कुणाला?" त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. म्हणाले, "जाधवराव, शिक्का दाखवायास नसतो. शिक्का असावा लागतो."

मद्रासला आता सगळे चेन्नई म्हणतात. म्हणोत. मी ज्या गावात उतरलो त्याचं नाव मद्रास होतं आणि माझ्यापुरतं ते अजून तेच आहे. तिथं जॉर्ज टाउनच्या एका अरुंद गल्लीत माझी भट्टी. लोकांचं जुनं सोनं-चांदी आटवायचं, भेसळ काढायची आणि शुद्ध धातू मालकाच्या हातात द्यायचा. आमच्या सांगलीकडं या धंद्याला गलाई म्हणतात. चौथीत शाळा सुटली आणि मामाच्या मागं इकडं आलो. पुढचं शिक्षण भट्टीपुढं झालं, आणि ते पुरलं.

समोरच्या गाळ्यात रायरांचं रबरी शिक्क्यांचं दुकान. खरं नाव गोपाळराव. तंजावरचे जुने मराठी. त्यांचा पूर्वज राजाबरोबर दक्षिणेत आला, असं ते सांगायचे. आमची ओळख झाली तेव्हा तो पूर्वज राजाकडं कारकून होता. पुढं पुढं त्याला बढती मिळत गेली आणि अलीकडं तो दिवाण झाला होता. इकडं अशा मराठी माणसाला रायर म्हणतात. मीही मराठीच, पण मला कुणी रायर म्हणालं नाही. मला गल्ली 'सेट' म्हणते, म्हणजे मारवाडी शेठजींतलाच एक. रायरांना याचा फार आनंद.

आमचं भांडण मराठीवरून. ते 'सगळे' म्हणायचे नाहीत, 'अस्के' म्हणायचे. "अस्के लोक आले होते," असं. मी म्हणायचो, "रायर, अस्के नाही हो, सगळे."

"सगळे हें तुम्ही मागाहून केलें. आमचें जुनें आहे."

"जुनं आहे खरं. इतक्या वर्षांत कुणी धुतलेलं दिसत नाही."

"तुम्ही धुवून धुवून रंग घालविला, त्याचें काय?"

मग मला वेगळं उत्तर सुचेपर्यंत ते काऊंटरवर ठप्प करून एक शिक्का मारायचे. भांडण तपासलेलं.

आता संगमचं सांगतो. संगम म्हणजे इकडं संघटना. आधी लोक जमतात, मग संघटना होते आणि शेवटी तिचा शिक्का बनतो, ही जगाची रीत. रायरांनी आधी शिक्का केला. गोल, मधे तराजू, भोवती 'गल्ली व्यापारी संगम'. शिक्का इतका छान जमला की तो रिकामा ठेवणं त्यांना बरं वाटेना. म्हणून संगम काढला. अध्यक्ष कागदवाले मुरुगेसन, कारण त्यांचं दुकान मोठं. सचिव रायर, कारण शिक्का त्यांच्याकडं.

"संगममध्यें आलें की गिऱ्हाईक येतें," हे रायरांचं एकच म्हणणं. सकाळी शटर वर करताना तेच, संध्याकाळी खाली ओढताना तेच. दिवाळीला संगमतर्फे सोडत काढली. पहिलं बक्षीस शाईची गादी, दुसरं बक्षीस लहान शाईची गादी. मग गल्लीच्या तोंडाशी पत्र्याची मोठी पाटी लावली. अस्क्या दुकानांची नावं तिच्यावर. माझ्या तोंडात बघा तो शब्द कसा आला! सगळ्या दुकानांची. पाटी रंगवलेली सुरेख होती, फक्त तोंड गल्लीच्या आत होतं. रस्त्यावरच्या माणसाला दिसायची पत्र्याची गंजलेली पाठ.

मी म्हटलं, "रायर, पाटी उलटी लागली."

"उलटी नव्हे. सभासदांनी आपलें नांव रोज पाहावें की नाही? वर्गणी त्यांची आहे."

"आणि गिऱ्हाइकानं?"

"तो आंत आला की पाहील."

मुरुगेसनना मी एकदा खरं काय ते विचारलं. "संगममुळं गिऱ्हाईक वाढलं का हो?" ते पोट खाजवत म्हणाले, "सेट, गिऱ्हाईक माहीत नाही. पण आधी मी रायरला बघून लपायचो. आता सभासद झालो, तर लपावं लागत नाही. तेवढा वेळ धंद्याला मिळतो."

मी काही सभासद झालो नाही. माझं म्हणणं साधं होतं. ज्याचं काम चोख त्याला पाटी लागत नाही. मामाच्या वेळी याच भट्टीला दार नव्हतं, तरी सोनार वास काढत यायचे. पण मामाचे दिवस वेगळे, हेही मला दिसत होतं. टी. नगरात दागिन्यांची माडीवर माडी असलेली दुकानं झाली. लोक जुना दागिना तिथंच देतात, नवा तिथंच घेतात, वर थंडगार हवा खातात. आमच्या गल्लीतले सोनार एकेक करून उठले. भट्टी सकाळी पेटवायची आणि दुपारी नुसती राख बघत बसायचं, असे दिवस आले. बायको गावी, मुलगा गावी. मुलाचा फोन यायचा, "आबा, बंद करा आता. द्राक्षबागेत बसून हुकूम सोडा."

एका सकाळी मी रायरांना रस्त्यावरूनच सांगून टाकलं, "आयुधपूजेला, आपल्या खंडेनवमीला, शेवटची भट्टी पुजायची आणि गावी जायचं."

मला वाटलं, ते काहीतरी झणझणीत बोलतील. पण त्यांनी शिक्कासुद्धा मारला नाही. त्या दिवशी त्यांनी केळं तसंच, कोरं, खाल्लं.

दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभे. कपाळाला ताजं गंध. "जाधवराव, पैज. आज संगमचे सभासद व्हा. आयुधपूजेपर्यंत गिऱ्हाईक आलें नाही, तर संगमचा शिक्का तुमच्या भट्टींत घालतों. माझ्या हातानें."

"आणि आलं तर?"

"तर जाऊं नका."

तो शिक्का जळताना बघायला मिळणार, या एका आशेनं मी सभासद झालो. होताक्षणी त्यांनी मला कार्यकारिणीवर घेतलं आणि सांगितलं की दर रविवारी मीटिंग, तुमच्या भट्टीवर. जॉर्ज टाउन रविवारी सामसूम असतं. मी भट्टीच्या वरच माळ्यावर राहतो, माझं ठीक. पण रायर पार अड्यारला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. बस बदलत यायचे, हातात कॉफीचा थर्मास.

"बाकीचे?" मी पहिल्या रविवारी विचारलं.

"येणार नाहीत."

"का?"

"मीटिंग मराठींत ठेविली आहे."

"सगळा संगम तमिळ, मारवाडी, गुजराती. आणि मीटिंग मराठीत?"

"सचिवाचा अधिकार," म्हणाले आणि कॉफी ओतली. मीटिंगमध्ये विषय एकच असायचा. मी बोललेला कुठला शब्द चुकीचा होता, तो.

आणि मग गिऱ्हाईक यायला लागलं.

पहिला एक चष्मेवाला माणूस आला, बँकेतला वाटला. रुमालातून चांदीची पळी काढली. "आटवायची आहे," तमिळमध्ये म्हणाला. एकटी पळी आटवायला कुणी जॉर्ज टाउनात येत नाही. मी विचारलं, कुठून आलात, कुणी सांगितलं? तो शाळेतल्या मुलासारखा ताठ उभा राहिला. "संगमची पाटी पाहून आलो."

पुढं एक बाई. हातात निरांजन. "संगमची पाटी पाहून आले." मग एक तरुण, कानात मोबाईलची वायर. कुंकवाचा करंडा. "पाटी पाहून." मग अत्तरदाणी. मग पंचपात्र. बाहेरून ज्या पाटीचा गंज दिसतो, ती पाहून माणसं येत होती, आणि एकेक वस्तू घेऊन येत होती, जसा एकाच घरातून एकेक माणूस भाजी आणायला बाहेर पडावा. सगळ्यात मौजेची गोष्ट म्हणजे नाक. लांब, मधे उंचवटा आणि टोकाला जरा खाली वाकलेलं. बँकवाल्याला तेच, बाईला तेच, पोराला तेच. आणि समोरच्या गाळ्यात भिंगातून शिक्का बघत बसलेल्या सचिवांनाही तेच. माणसाला एकवेळ बोलायला शिकवता येतं, नाकाचं काय करणार?

संध्याकाळी रायर सहज विचारल्यासारखं करून विचारायचे, "काय, आज कोणी?"

"आला होता एक. पाटी पाहून."

"पाहा!" म्हणायचे, आणि ठप्प.

इथं माझ्या कामाची एक रीत सांगायला हवी. आलेली वस्तू मी त्याच दिवशी आटवत नाही. मालकाला तितकी शुद्ध चांदी माझ्याजवळची देऊन मोकळा करतो, आणि वस्तू आठ दिवस पत्र्याच्या पेटीत ठेवतो. मामाची शिकवण. म्हणायचा, घरातली वस्तू आटवायला देणारा माणूस त्या दिवशी कोरडा असतो, दोन दिवसांनी रडत येतो. तेव्हा त्याच्यापुढं गोळा ठेवलास तर तो तुला आयुष्यभर विसरत नाही, आणि चांगल्या कारणासाठी नाही. अशी परत आलेली माणसं मी खूप पाहिली आहेत. तर ही पळी, निरांजन, करंडा, सगळं पेटीत होतं. आठ दिवस उलटले तरी मी ते बाहेर काढलं नाही. कारण प्रत्येकाच्या बुडाशी ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, तेही आपल्या बाळबोध अक्षरांत. मद्रासेत भांड्यावर तमिळ नाव असतं, फार तर इंग्रजी. मी बोट ठेवून वाचलं. सौ. रुक्मिणी.

आयुधपूजा तोंडावर आली तेव्हा एक म्हातारी आली. माझ्याहून मोठी, नऊवारीसारखं काहीतरी नेसलेली, हिऱ्याच्या कुड्या, आणि नाक अर्थात तेच. पिशवीत गुलाबदाणी. तमिळमध्ये पाठ केलेलं बोलली, "संगमची पाटी पाहून आले, तंबी." मला तंबी म्हणजे धाकटा भाऊ म्हणणारं आता या गावात कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, बसा. भट्टी पेटलेली होती. मी झाकण सरकवलं, जाळ उसळला, आणि म्हातारी ओरडली, "अगो बाई! केवढा जाळ हा! गोपूनें सांगितलें नाही मला!"

मी झाकण लावलं. "कोण गोपू?"

तिनं तोंडावर हात ठेवला. मग हात काढला, कारण उपयोग नव्हता. "तुम्हांस मराठी येतें की?"

"माझीच आहे ती."

"गोपू म्हणतो, तुमची बिघडलेली आहे. बरी आहे की."

मी कॉफी मागवली. ती फुंकत फुंकत प्यायली आणि फार काही न विचारता सांगत गेली. थोरल्या बहिणी अशाच असतात, बांध फुटायचा अवकाश. "त्यानें अस्क्यांस कामास लाविलें. माझ्या मुलास, माझ्या सुनेस, नातवास. म्हणाला, एकेक घेऊन जा, अस्के एकदम नको, त्यास संशय येईल. ही भांडीं आमच्या रुक्मिणीचीं. गोपूची बायको. लग्नांत आणलेलीं."

"मग आटवायला का देतो?"

"तुमच्याकडे दुसरें काय घेऊन यावें? येथें भाजी मिळते काय?"

बरोबर होतं.

"रुक्मिणी गेल्यावर घरांत आपली भाषा राहिली नाही," ती कप खाली ठेवत म्हणाली. "सून तमिळ. चांगली मुलगी, नीट वाढते. नातवंडें इंग्लिश. हा कांही बोलला की पोरें हसतात, तात्या पुन्हां म्हणा, पुन्हां म्हणा, करतात. वाईट मनानें नव्हे. पण मग यानें बोलणेंच सोडलें. मी म्हटलें, गोपू, माझ्याकडे ये, माझ्याबरोबर बोल. तर म्हणतो, अक्का, तूं थोरली. तुझ्याबरोबर भांडतां येत नाही."

ती गेल्यावर मला आधी राग आला, हे लिहायला मी भीत नाही. मी कुणाचं उपकाराचं गिऱ्हाईक घेत नाही. मामाची भट्टी आहे ही. समोर जाऊन ती सगळी भांडी त्यांच्या काऊंटरवर ओतावी असं वाटलं. गुलाबदाणी हातात घेऊन निघालोसुद्धा. रायर खाली मान घालून रबर कोरत होते. ओठ हलत होते. पुढच्या रविवारचं भांडण घोकत असावेत. मी दारातून परत फिरलो. माझ्यावर दया करणारा माणूस असा दिसत नाही.

आयुधपूजेला गल्लीत केळीचे खांब लागले, चुरमुरे-फुटाण्यांचे ढीग झाले. या दिवशी ज्यानं त्यानं आपलं हत्यार पुजायचं. मी चिमटे आणि मुशी धुऊन मांडल्या. रायरांनी अस्के शिक्के पाटावर उभे करून प्रत्येकाला चंदनाचं बोट लावलं होतं. संगमची पूजा माझ्या भट्टीपुढं, देवीची तसबीर मांडून, होती. मुरुगेसन आले, बाकी सभासदही चुरमुऱ्यांसाठी आले. रायर सर्वांत शेवटी आले. धोतर कडक इस्त्रीचं, आणि हातात रुमालात गुंडाळलेला तो गोल शिक्का.

"बोला जाधवराव," घसा साफ करून म्हणाले. "गिऱ्हाईक आलें की नाही?" आवाज सचिवाचा होता, पण रुमाल धरलेला हात माझ्या भट्टीपासून जरा लांबच होता.

मी पेटी उघडली. पळी, पंचपात्र, निरांजन, करंडा, अत्तरदाणी, गुलाबदाणी. घासूनपुसून लखलखीत केलेली. एकेक करून देवीपुढं मांडली.

"आलं," मी म्हटलं. "चांगलं गिऱ्हाईक आलं."

मुरुगेसननी डोळे मोठे केले. "संगमनं चांदीची भांडी कधी घेतली?"

"सभासद झाल्याचा फायदा," मी म्हटलं.

रायर खाली वाकले, गुलाबदाणी उचलली, बुडाशी बोट फिरवलं आणि ती भरून आणली. सगळ्यांवर गुलाबपाणी शिंपडलं. मुरुगेसनवर, शिक्क्यांवर, चुरमुऱ्यांवर. भट्टीवरही शिंपडलं, ती फुसकन हसली. माझ्यावर इतकं की सदरा भिजला. कुणाचंच तोंड कुणाला नीट दिसू नये, याची त्यांनी व्यवस्था केली.

गर्दी पांगल्यावर ते दुकानात गेले आणि धोतराच्या फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आले. मी दिलेली चांदी. सगळी. एकही तुकडा विकलेला नव्हता, आणि प्रत्येक तुकड्यावर जांभळ्या शाईत 'तपासलें'. म्हणजे त्यांची चांदी माझ्या पेटीत आणि माझी चांदी त्यांच्या फडक्यात, गल्ली ओलांडून गेली तशी ओलांडून परत आली. एवढा सगळा संगमचा व्यापार. आटणीची मजुरी तेवढी मी घेतली होती. ती परत करू लागलो तर हात मागं घेतला. म्हणून पुढच्या वर्षाची वर्गणी म्हणून दिली. ती लगेच घेतली.

लोक मला अजून विचारतात, सेट, संगममध्ये जाऊन गिऱ्हाईक येतं का हो? मी सांगतो, येतं. नाक तेवढं बघून घ्यावं.

पूजेनंतरच्या रविवारी रायर नेहमीसारखे आले. थर्मास ठेवला, बसले, चष्मा लावला. मीटिंग सुरू केली, पण भांडण काढलं नाही. "आज विषय एक," म्हणाले. "सभासद जाधवराव गांवी जाणार की राहणार." आणि माझ्याकडं न बघता समोरच्या बंद शटरकडं बघत राहिले.

मुलाचा फोन आदल्या दिवशीच येऊन गेला होता. मी कॉफीचा घोट घेतला.

"इतका मोठा विषय, आणि अस्के सभासद हजर नाहीत," मी म्हटलं. "पुढच्या रविवारी घ्या."

त्यांनी माझा शब्द ऐकला. सदऱ्याच्या खिशातून एक शिक्का काढला, गादीवर आपटला, उठून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि त्या रविवारच्या चौकटीवर जपून टेकवला. 'पुढें ढकललें.'

शिक्का नवा कोरा होता. घरून निघण्याआधीच करून आणलेला. रबराचा वास अजून जात नव्हता.

आता त्याच्या कडा झिजल्यात. रविवार येतो, कॉफी येते, विषय निघतो, आणि रायर खिशात हात घालतात.